रत्नागिरी–यवतमाळ, मध्ये थांबा नाही

ज्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांत आमच्याकडे लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आज वाढेल, उद्या वाढेल. आधी मागची खोली भरली, मग मधली, आणि शेवटी माणसंच ओट्यावर झोपायला लागली. किश्श्यांचंही तसंच होतं. कुणी ऐकणारं भेटलं की सांगू, असं म्हणत आपण ते आत कोंबत राहतो. माझी मागची खोली कधीच भरली आहे. आज दार उघडतेय. कचरा-सरकी निघाली तर तुम्हीच निवडून घ्या!

सगळे किस्से एकाच जागेचे. यवतमाळच्या बाहेर एक धावपट्टी आहे. बांधली विमानांसाठी, पण त्या काळात वापरायचो आम्ही. विमान यायचं कधीतरी, आणि तेही आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागल्यापासून. कापसाची परिस्थिती पाहायला मोठी माणसं यायची, पाहायची आणि जायची. बाकीचे दिवस धावपट्टी मोकळी. मग सकाळी तिथं फिरायला येणाऱ्यांचं एक टोळकं जमलं, त्यातली एक मी.

मी म्हणजे भूगोलात एम.ए. झालेली, कॉलेजात तासिकेवर शिकवणारी आणि चिऊ झाल्यापासून चोवीस तास काळजी करणारी बाई. नवरा अविनाश बँकेत. त्याची बदली रत्नागिरीला झालेली. महाराष्ट्राचा नकाशा उभा धरला तर आम्ही उजवीकडच्या काठाशी आणि तो डावीकडच्या, थेट समुद्रात पाय सोडून. भूगोल असा सूड दुसऱ्या कुणावर कशाला उगवेल!

*

धावपट्टीवर मी गेले ती बाबागाडीमुळे. अविनाशनं हौसेनं रत्नागिरीहून ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून ती पाठवली होती. पण आमच्या गल्लीत गाडी दोन घरं पुढे गेली की चिऊचे दात वाजायला लागायचे. दात तरी किती, दोनच! लेकराच्या मेंदूला हादरे बसतील, असं माझ्या मनानं घेतलं. अख्ख्या यवतमाळात सपाट रस्ता कुठे, असं शोधत शोधत मी विमानांच्या रस्त्यावर पोचले.

फाटकावर चौकीदार आत्रामभाऊ.

“वाहन आत नाही नेता येत, मॅडम.”

“वाहन कुठंय? बाबागाडी आहे ही.”

“चाकं किती?”

“चार.”

“मंग?”

मी लगेच घाबरले. मला नियमांची भीती लहानपणापासून. परत वळणार, तेवढ्यात आत्रामभाऊंनी गाडीला एक फेरी मारली. पुढून वाकून पाहिलं, मागून वाकून पाहिलं. चिऊनं त्यांना तिचे दोन्ही दात दाखवले.

“नंबरप्लेट नाही हिले,” ते म्हणाले.

“नाही,” मी कबूल केलं. आता बहुतेक दंड!

“नंबरच नाही, त मी वहीत लिहू काय? जा आत!”

*

आमच्या टोळक्याचे अध्यक्ष म्हणजे गुल्हाने काका. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या माईकसमोर आयुष्य गेलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात चहा मागायच्या आधी दोनदा खाकरतात आणि वाक्य दोनदा म्हणतात.

एकदा आत्रामभाऊ रडकुंडीला येऊन काकांकडे आले. धावपट्टीच्या कडेला खांबावर कापडाची एक लांब पिशवी असते, दोन्हीकडून उघडी. वारा कुठून वाहतो ते वैमानिकाला वरून दिसावं म्हणून. ती फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या, वरच्या ऑफिसातून नवी येत नव्हती, आणि परवा विमान येणार होतं.

काका त्यांना घेऊन टेलरकडे गेले.

“एका बाजूनं तोंड मोठं, एका बाजूनं बारीक. लंबी पायजे,” काकांनी सांगितलं.

टेलरनं टेप गळ्यातून काढली. “घालनार कोन हाये?”

“वारा.”

टेलरनं टेप हवेत उघडून धरली. मग म्हणाला, “वाऱ्याची कंबर किती ठेवू?”

कापडावरून वाद झाला. टेलर नायलॉन म्हणत होता. काका भडकले, “कापसाच्या जिल्ह्यात नायलॉन टांगतं काय? बाहेरून लोकं येतीन, थुकतीन आपल्यावर!” मग जाड सुती मांजरपाटाची पिशवी झाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून ती चढवली. काय फुगली होती!

रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी जाऊन बघतो तर वारा असा की माझी ओढणी उडून आत्रामभाऊंच्या तोंडावर, आणि पिशवी मात्र ओलीचिंब होऊन खांबाला लोंबलेली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, यवतमाळात पानही हलत नाहीये.

माझ्या सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेले. त्या मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पानी मारलेला कापूस इतक्या उंचावर पयल्यांदाच पाह्यला बाई!”

*

त्याच विमानाचा पुढचा किस्सा.

अवकाळीनं पलीकडच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याचाही कापूस भिजला. इतकी मोठी, काळी, उन्हानं तापणारी जागा शेजारी असताना तो दुसरीकडे कशाला जाईल? त्यानं धावपट्टीवर कापूस वाळत घातला. पांढरी शुभ्र गादी. चिऊ त्यात बसून दोन्ही हातांनी उधळत होती, आणि मी तिच्या नाकात तंतू जातील म्हणून तिच्यामागे धावत होते.

तेवढ्यात आत्रामभाऊंची शिट्टी. विमान वेळेच्या आधी!

मग काय पळापळ! काका, मी, सासूबाई, रत्नमालाताई, जो भेटेल तो पोत्यात कापूस भरतोय. रत्नमालाताई गजभिये म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. रात्रीची ड्यूटी संपवून थेट फिरायला यायच्या. पांढऱ्या साडीतच होत्या, त्यामुळे कापूस कुठे संपतो आणि ताई कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. पट्टी रिकामी झाली. पण फटीफटीत चुकार पुंजके राहिलेच.

छोटं विमान उतरलं. पंख्याच्या वाऱ्यानं ते पुंजके उठले आणि भुरभुरत सगळीकडे पसरले. दार उघडलं. कापसाच्या प्रश्नाचा अभ्यास करायला आलेले एक मोठे साहेब पायऱ्या उतरले. एक पुंजका येऊन बरोबर त्यांच्या काळ्या कोटावर बसला.

साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला, उजेडात धरला आणि शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं, “हे काय आहे?”

*

साहेब शिवारं बघायला गेले की वैमानिक विमानाच्या सावलीत एकटाच बसायचा. काकांना राहवेना. हा चालक आणि आपण नियंत्रक, म्हणजे एका खात्यातलेच की!

“नमस्ते साब. कितना टाइम लगा?”

“मुंबई से? डेढ़ घंटा समझिए.”

“बीच में कहाँ कहाँ रुके?”

“कहीं नहीं.”

काकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर मोठं आश्चर्य. मग पुन्हा, जरा काळजीनं, “और चाय-पानी?”

वैमानिकानं आभाळाकडे बोट केलं. “ऊपर?”

काका परत आले ते गंभीर होऊन. “ड्रायव्हर चांगला हाये बिचारा,” म्हणाले, “पन त्याले डेपो मॅनेजर बराबर नाही भेटला.”

*

आता माझ्या घरचा किस्सा सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

दिवाळीला अविनाश आला. सुट्टी चार दिवसांची. रत्नागिरीहून कोल्हापूर, तिथून पुणे, पुण्याहून रात्रभराची ट्रॅव्हल्स, म्हणजे येण्या-जाण्यात दोन दिवस रस्त्यावरच सांडले. दारात आला, हात पसरले, “चिऊताई!” चिऊनं त्याला पाहिलं आणि जो भोंगा पसरला! कुशीत जाईना, त्याच्या हातून घास घेईना, तो खोलीत आला की ही माझ्या पदरात. तो बिचारा स्वतःच्या घरात चोरपावलांनी फिरत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे तिनं त्याचा चष्मा ओढला. तिसऱ्या दिवशी, तो बॅग घेऊन निघाला तेव्हा, तिनं त्याच्याकडे झेपायला दोन्ही हात पुढे केले.

रिक्षा उभी होती. तो गेला.

पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून? हा प्रश्न मला झोपू देईना. लेकरू वर्षभराचं, त्याची आठवण किती दिवस टिकते? पुस्तकं वाचली तर काळजी वाढली. काळजी वाढली म्हणून आणखी पुस्तकं वाचली.

सकाळी धावपट्टीवर मी हे सांगितलं आणि सहज म्हणून गेले, “रत्नागिरीलाही अशीच धावपट्टी आहे म्हणे. तिथंही प्रवासी विमान नाही. तिथून थेट इथं विमान असतं, तर किती वेळ लागला असता हो?”

बस्! टोळक्याला काम मिळालं.

*

मी रीतसर गणित मांडलं. शाळेतला नकाशा काढला, प्रमाण बघितलं, पट्टी ठेवली. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं उत्तर आलं. एम.ए.ला मला फर्स्ट क्लास कुणी दिला देव जाणे. पण ढोबळ म्हणाल तर सरळ रेषेत सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. छोट्या विमानाला दोन तास पुष्कळ झाले.

काकांना पट्टी मान्य नव्हती. “पट्टीनं कुठी रस्ता मोजते काय कोनी? सूत आना.” सासूबाई वाती वळायच्या, त्यांच्याकडचं सूत आणलं. काकांनी चष्मा चढवला, सुताचं टोक यवतमाळवर दाबलं आणि नकाशावर हळूहळू सरकायला लागले. दारव्हा, कारंजा, मेहकर, जालना, प्रत्येक ठिकाणी सूत अंगठ्यानं दाबून वळवायचे.

“काका, विमान हवेतून जातं. सरळ.”

“हो, पन मधात स्टँड लागते. तथी जा लागते.”

सूत साताऱ्यातच संपलं. काका डगमगले नाहीत. “बाकीचं अंदाजे,” म्हणाले आणि वेळापत्रक करायला बसले. प्रत्येक स्टँडवर थांबा. जेवणाला एक मोठा. पुण्यात चालक बदलायचा. रत्नमालाताईंनी विचारलं, “उमरखेडले काऊन थांबवून राह्यले? ते तर उलट्या बाजूले हाये.”

“विनंती थांबा हाये तो. उमरखेडवाल्यायनं निवेदन देलं त मंग काय करान?”

सगळी बेरीज झाली. काकांच्या विमानाला रत्नागिरी ते यवतमाळ बावीस तास लागत होते. काकांनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन खिशाला लावलं.

“इतक्यासाठी विमान कायले पायजे, बेटा? रातरानी बरी!”

*

सासूबाईंचं माप वेगळं. किलोमीटर नाही, तास नाही. त्या प्रवास डब्यांत मोजतात.

“नागपूरले डबा नाही लागत, चिवड्यावर भागते. पुन्याले दोन डबे. अन् माह्या अवीले रत्नागिरीहून याले तीन डबे, वरून दशम्या.”

“आई, विमानानं दोनच तास लागतील.”

“म्हंजे किती डबे?”

“एकही नाही. डबा उघडायच्या आत माणूस घरी पोचलेलं.”

त्यांना हे काही पटेना. वाती वळायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “डबा न उघडता घरी आला, तोच विमानानं आला म्हना मंग.”

*

रविवारी अविनाशचा फोन आला. त्याला मी हे सगळं सांगितलं होतं, त्यामुळे तो मुद्दाम तिथली धावपट्टी बघायला गेलेला. तिथल्या राखणदार आजोबांनी त्याला बाहेरच अडवलं. अविनाशनंच चौकशी सुरू केली.

“इथून यवतमाळला विमान गेलं, तर किती वेळ लागेल हो?”

आजोबांनी विचार केला. “तुमच्याकडे विमान येतं काय?”

“नाही.”

“इथून पण जात नाही.” आजोबा खूश झाले. “म्हणजे जायला न् यायला वेळ सारखाच!”

अविनाश फोनवर खूप हसला. मग जरा थांबून म्हणाला, “चिऊ काय करतेय?” मी फोन तिच्या कानाला लावला. तिनं फोन चाटला.

*

शेवटी तोड सुचवली रत्नमालाताईंनी. त्या म्हणाल्या, “लहान लेकरं मानूस वासानं ओळखतात. तुमच्या मिस्टरांचा वापरलेला शर्ट मागवा, न धुता. झोपताना तिच्याजवळ ठेवा.”

अविनाशला हे सांगताना मला फार लाज वाटली. पण त्यानं पाठवला. पार्सल फोडलं, शर्ट पलंगावर ठेवला आणि मी तासिकेला गेले. किती आशेनं परत आले मी! दारातूनच बघते तर अंगणातल्या दोरीवर शर्ट वाळतोय. निळीसकट.

“आई!”

“वरडू नको. लेकानं इतक्या दुरून मळका शर्ट पाठवला, बायकोनं तसाच पलंगावर टाकून देला. माह्यानं नाही पाहवलं!”

*

वास गेला. मग मी माझ्या डोक्यानं एक उपाय काढला. माझ्या डोक्यानं काढलेल्या उपायांचं काय होतं ते आता ऐका.

धावपट्टीवर फिरताना रोज एक विमान फार उंचावरून जायचं, मागे पांढरी रेघ सोडत. मी चिऊला ते दाखवायचे आणि म्हणायचे, “बाबा येणार! असे झूऽऽम येणार!” रोज, न चुकता. काका, ताई, आत्रामभाऊ, सगळे सामील. विमान दिसलं की अख्खं टोळकं वर बोट करून ओरडायचं, “बाबा! बाबा!” महिनाभरात चिऊला शब्द आला. पहिला शब्द! मी आनंदानं रडले.

आणि मग पुन्हा एक पाहणी आली. आम्हाला नेहमीसारखं दोरीच्या बाहेर उभं केलं. फटाफट गाड्या, हार, कॅमेरे. विमान उतरलं, दार उघडलं, पांढऱ्या केसांचे एक वजनदार पाहुणे पायरीवर आले. दुःखाची पाहणी, त्यामुळे सगळे शांत. टाचणी पडली तर ऐकू यावी.

माझ्या कडेवरून चिऊ ओरडली, “बाबाऽऽऽ!”

दोन्ही हात पसरून. पायांनी माझ्या पोटात लाथा मारत. सगळे कॅमेरे गर्रकन वळले. पाहुणे बिचारे भले. हार बाजूला करून आले, तिच्या गालाला हात लावला. चिऊ त्यांच्या कडेवर जायला झेपावली. माझी जमिनीत जायची तयारी होती, पण धावपट्टीचं डांबर पक्कं!

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली लिहिलेलं, ‘पाहुण्यांना पाहताच व्यथित कुटुंबाला भावना अनावर.’

काका पेपर नाचवत आले. “व्यथित कुटुंब, चाय ठेवा!”

मी हसले नाही. मला रडूच आलं. “काका, हिच्या लेखी बाबा म्हणजे विमानातून उतरतो तो. परवा हिचा खरा बाप ट्रॅव्हल्समधून उतरणार आहे. त्याच्याकडे ही पुन्हा तशीच रडली तर? तो गेल्या वेळी दारात कसा उभा होता ते मी पाह्यलंय हो. मीच सगळं बिघडवलं.”

काकांनी पेपरची घडी घातली. मग दोनदा खाकरले.

“मंग त्याले विमानतळावरच उतरवा लागते. विमानतळावरच उतरवा लागते.”

*

तर हा शेवटचा.

अविनाशची ट्रॅव्हल्स पहाटे आली. घरी न येता तो काकांच्या स्कूटरवर बसला. काकांनी त्याला धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला सोडलं. आत्रामभाऊंनी तिकडचं फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. “मानूस हाये, वाहन नाही,” असं त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं म्हणे.

अलीकडच्या टोकाला आम्ही. मी, सासूबाई, रत्नमालाताई. चिऊ आता चालायला लागलेली, माझ्या बोटाला धरून उभी. तिचे कपडे मी सकाळपासून तीनदा बदलले होते. पिशवीत बिस्किटं, खुळखुळा, रुमाल, तापाचं औषध. रडली तर काय करायचं याचे माझे चार बेत तयार होते आणि चारांवरही माझा विश्वास नव्हता.

काका स्कूटरनं आमच्याकडे परत आले, हातांचा कर्णा केला आणि बऱ्याच वर्षांनी पोटातून आवाज लावला.

“रत्नागिरीवरून येनारी... यवतमाळ... थोड्याच वेळात... लागत आहे!”

चिऊनं सवयीनं आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

मग दूर, डांबराच्या टोकाला, एक ठिपका हलला. आधी तो चालत होता. मग त्यानं काय मनावर घेतलं कोण जाणे. माझा नवरा बँकेतला ऑफिसर आहे, इस्त्रीशिवाय पानाच्या टपरीवर जात नाही. त्यानं दोन्ही हात बाजूला ताठ पसरले, अंग जरा डावीकडे कललं आणि तो पळत सुटला. खांद्यावरची बॅग उडतेय, शर्ट बाहेर आलाय, तोंडानं ‘झूऽऽम’ असा आवाज काढतोय. मध्येच एक बकरी आडवी आली. आत्रामभाऊंनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकून तिला पट्टीबाहेर काढलं.

आमच्यापासून थोड्या अंतरावर तो थांबला. धापा टाकत गुडघ्यांवर बसला. हात तसेच पसरलेले. हाक मात्र मारली नाही. मला कळलं, तो घाबरला होता.

चिऊनं माझं बोट घट्ट धरलं. त्याच्याकडे पाहिलं. मग वर आभाळाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. ओठ जरासे थरथरले, आणि मी पिशवीत हात घातला.

“बाबा?” चिऊ म्हणाली.

ओरडली नाही, विचारलं तिनं.

मग माझं बोट सोडून ती डुगडुगत गेली. आधी त्याच्या एका पसरलेल्या हाताला हात लावला. मग त्याच्यामागे गेली आणि पाठ नीट बघितली. बॅगही हलवून पाहिली. मग पुढे आली आणि जसं काही रोजचंच आहे, तशी त्याच्या मांडीवर चढून बसली आणि त्याचा चष्मा काढून घेतला.

रत्नमालाताईंनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “हवेत गारवा हाये आज.” गारवा कसला, उन्हाळा तोंडावर आलेला!

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दोनदा खाकरले. “मधात कुठी थांबले?”

अविनाशनं चिऊच्या केसांत तोंड खुपसलेलं होतं. तसाच म्हणाला, “कुठंच नाही, काका.”

इकडे सासूबाईंनी त्याची बॅग उघडली होती. लेक आला की पहिलं काम त्यांचं तेच, डबे घासायला काढायचे. रत्नागिरीच्या घरमालकीणबाईंनी निघताना बांधून दिलेले तिन्ही डबे त्यांनी बाहेर काढले. एकाचं झाकण उघडलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. पोळ्यांची चळत जशीच्या तशी, वरची चटणीची पुडी बांधलेली.

त्यांनी लेकाकडे पाहिलं, मांडीवरच्या नातीकडे पाहिलं आणि झाकणं एकेक करून परत लावली.

“खरंच सांगून राह्यला तो, गुल्हाने भाऊ,” त्या म्हणाल्या. “विमानानंच आला.”